ताटातली भाकरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दर वर्षी बाहेरून कुणीतरी विदुषी येतात आणि आपण ऐकतो. या वर्षी चिटणीसबाईंनी आग्रह धरला की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि नेमके माझेच नाव पुढे केले. माझे शिक्षण अवघे सातवी. माझे माहेर आंदर मावळातले. गावची शाळा सातवीपर्यंतच होती, ती संपली आणि शिक्षणही संपले. तेव्हा भाषणात काही चुकलेमाकले तर सांभाळून घ्या. मी बोलणार आहे ते आपल्या रोजच्या भाकरीविषयी आणि भाताविषयी. त्यात शिकण्यासारखे काय, असे कुणाला वाटेल. मलाही गेल्या वर्षापर्यंत तसेच वाटत होते.

माझा थोरला मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच. मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, अशी पन्नास गुणांची मैदानी परीक्षा असते. त्यासाठी तो पहाटे मैदानावर जाई आणि संध्याकाळी व्यायामशाळेत. व्यायामशाळेचे नाव मी घेत नाही, कारण मला कुणावर ठपका ठेवायचा नाही. तिथे कुणीतरी त्याला सांगितले की, भात-भाकरीने नुसती चरबी वाढते. दंड भरायचे असतील तर भात-भाकरी बंद, नुसती प्रथिने खायची.

झाले! दुसऱ्या दिवसापासून ताटावर बसला की भाकरी बाजूला सारू लागला. अंड्याचा पांढरा बलक तेवढा खायचा, पिवळा टाकायचा. आणि पाण्यात कालवून पिण्यासाठी भुकटीचा एक डबा आणायचा. त्या डब्याला तीन हजारांवर रुपये पडले. मी भिशीचे पैसे काढून दिले. दुसऱ्या डब्याच्या वेळी धाकट्या मुलीच्या शिकवणीचे पैसे मागे ठेवले. हे सांगताना मला आजही लाज वाटते. ती पोर एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

पहिल्या पंधरवड्यात मुलाचे वजन दोन किलो उतरले. तो खूश, मीही खूश. पुढे मात्र तो चिडचिड करू लागला. रात्री झोप लागेना. धावण्याची वेळ कमी व्हायची ती वाढू लागली. आणि एके दिवशी पहाटे मैदानाच्या तिसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसला. मित्रांनी धरून घरी आणला. तेव्हा चेहरा पांढरा पडला होता आणि हात थरथरत होते. आईच्या जिवाचे काय झाले असेल ते तुम्हाला सांगायला नको.

डॉक्टरांनी तपासले. आजार काही निघाला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "बाळ, तू जेवतोस काय?" त्याने सांगितल्यावर ते म्हणाले, "गाडी चालवायची आहे आणि पेट्रोल भरायचे नाही, असे कसे चालेल?"

माझी भाची पुण्याला आहारशास्त्र शिकते. पुढच्याच रविवारी ती घरी आली. तिने जे समजावून सांगितले ते मी वहीत लिहून घेतले. तेच आज माझ्या भाषेत सांगते.

भात, भाकरी, पोळी, पोहे, बटाटा, रताळे, केळे, गूळ, साखर या सगळ्यांत जो मुख्य भाग असतो त्याला पुस्तकात कर्बोदके म्हणतात. पूर्वी पिष्टमय पदार्थ म्हणत. पोटात गेल्यावर त्यांची साखर होते आणि ती रक्तातून सगळ्या अंगाला मिळते. लागेल तेवढी खर्च होते. उरलेल्यातली काही साखर शरीर साठवून ठेवते, थोडी यकृतात आणि बरीचशी स्नायूंत. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसाच्या स्नायूंत हा साठा साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमपर्यंत असतो. म्हणजे आपल्या कणगीसारखेच समजा. कणगी भरलेली असेल तर घर निर्धास्त असते.

धावताना, वजन उचलताना स्नायू मुख्यतः हाच साठा वापरतात. तो संपत आला की पाय जड होतात आणि जोर लागत नाही. यकृतातला साठा रक्तातली साखर सांभाळतो. आपल्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम साखर लागते. ती कमी पडली तर चिडचिड होते, चक्कर येते.

मग मी विचारले, "पण पहिल्या पंधरवड्यात वजन उतरले ते?" ती म्हणाली, "मावशी, ती चरबी नव्हे. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. साठा रिकामा झाला, त्याबरोबर पाणीही गेले. काट्यावर दोन किलो दिसले ते मुख्यतः पाणीच." म्हणजे आम्ही पाणी गेल्याचा आनंद करीत होतो!

आता सर्वांत महत्त्वाचे ऐका. शरीराला साखर तर हवीच. ती भात-भाकरीतून मिळाली नाही, तर शरीर प्रथिने मोडून त्यांची साखर करते. आधी खाल्लेली प्रथिने मोडते, आणि ती पुरली नाहीत तर स्नायूंतली काढते. म्हणजे तीन हजारांच्या डब्यातली प्रथिने दंड बांधण्याऐवजी चुलीत सरपण म्हणून जळत होती. भिंत बांधायला गवंडी बोलावला आणि त्याला पाणी भरायला लावले, तर भिंत कधी उठणार? पाणी भरायला दुसरे माणूस हवे. भाकरी हे ते दुसरे माणूस. प्रथिनांना तिच्यामुळे आपले काम करायला सवड मिळते.

हे कुणी हवेत सांगितलेले नाही. स्वीडन देशात १९६७ साली शास्त्रज्ञांनी काही माणसांना सायकलीसारख्या यंत्रावर दमेपर्यंत पाय मारायला लावले, आणि सुईने स्नायूचा बारीक कण काढून त्यातला साठा मोजला. तीन दिवस नुसते चरबी आणि प्रथिनांचे अन्न खाल्ल्यावर ती माणसे साधारण एक तास टिकली. नेहमीच्या मिश्र अन्नावर दोन तासांच्या आसपास टिकली, आणि कर्बोदकांच्या अन्नावर पावणेतीन तास! माणसे तीच, यंत्र तेच, फरक फक्त ताटाचा.

मला तेव्हा माझ्या आईची आठवण झाली. भातलावणीच्या दिवसांत ती पहाटे नाचणीची भाकरी आणि कालवण बांधून घेई, आणि भर पावसात दिवसभर वाकून चिखलात रोपे लावी. कर्बोदके हा शब्द तिला ठाऊक नव्हता. पण भाकरीवाचून ते काम होत नाही हे तिला पक्के ठाऊक होते. तिच्या नाचणीत चुनाही भरपूर असतो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. २०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा कुठे आपल्याला नाचणीची किंमत कळली. आणि आपला इंद्रायणी तांदूळ! तोही इथलाच, आपल्या शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला. आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ या दोन जातींच्या संकरातून तो काढला आणि १९८७ साली शेतकऱ्यांना दिला. ज्या मातीत असा तांदूळ पिकतो, तिथल्या पोरांनी भाताला भ्यावे हे मनाला पटत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. तेव्हा आपल्या खेड्यापाड्यांत या डब्यांचे नावही कुणाला माहीत नव्हते.

पण भगिनींनो, याचा अर्थ भात-भाकरी वाटेल तेवढी खावी असा नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्याच घरी त्याची दुसरी बाजू आहे. आमच्या ह्यांना पाच वर्षांपासून साखरेचा आजार आहे. काम बैठे. त्यांनी मुलाएवढा भात खाल्ला तर ती साखर जाणार कुठे? स्नायूंनी कामच केले नाही तर त्यांची कणगी भरलेलीच राहते, आणि वरचे सगळे चरबीत जाते. म्हणून ज्याने त्याने आपल्या कामाप्रमाणे खावे. रोज तासभर नेटाचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ ते ७ ग्रॅम कर्बोदके लागतात. बैठ्या माणसाला त्याहून पुष्कळ कमी पुरतात. ह्यांचे पथ्य आम्ही डॉक्टरांना विचारूनच ठेवले आहे.

आता हे ग्रॅम स्वयंपाकघरात कसे मोजायचे? मी एका भाकरीचे पीठ वाण्याच्या काट्यावर तोलून आणले. ते साठ ग्रॅम भरले. साठ ग्रॅम ज्वारीच्या पिठात ४० ग्रॅम कर्बोदके असतात. आणि गंमत अशी की सहा ग्रॅम प्रथिनेही असतात. एका अंड्यात जवळजवळ तेवढीच असतात. माझ्या मुलाचे वजन ६२ किलो. दर किलोला पाच म्हटले तरी दिवसाला ३१० ग्रॅम झाले. दिवसभरात चार भाकरी म्हणजे १६०. शंभर ग्रॅम तांदळाचा भात म्हणजे ७८. दोन केळी म्हणजे सुमारे ५०. बाकीचे आमटी, उसळ आणि दुधातून येते. हिशेब जमला! वेगळे काहीच आणावे लागले नाही. जे तो बाजूला सारत होता तेच ताटात परत ठेवायचे होते.

कर्बोदके घ्यायची ती कुठून, हेही पाहायला हवे. भाकरी, कोंड्यासकट पोळी, उसळ, रताळे यांची साखर सावकाश रक्तात उतरते आणि बराच वेळ पुरते. बिस्किटे, खारी, बाटलीतले गोड पाणी यांची साखर एकदम चढते आणि एकदम उतरते. त्यांत दुसरे सत्त्वही नसते. व्यायामाआधी दोन तास भाकरी-भाजी खावी. अगदी घाईच असेल तर अर्ध्या तासापूर्वी एक केळे चालते. व्यायामानंतर वरण-भात आणि दही. आपल्या लोणावळ्याची गूळ-शेंगदाण्याची चिक्कीही वाईट नाही, पण एक तुकडा खावा, अख्खे पाकीट नव्हे.

आणि प्रथिने? तीही हवीतच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराचे नियम नव्याने छापले. त्यांत साध्या माणसाला दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. भारी व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त लागतात. पण भुकटीचे डबे टाळावेत, अन्नातून प्रथिने घ्यावीत आणि त्यांच्या जोडीला पुरेशी कर्बोदके व स्निग्ध पदार्थ असावेत, म्हणजेच ती स्नायूंच्या कामी येतात, असे त्यांनी म्हटले आहे. धान्यात जे कमी असते ते डाळीत असते, आणि डाळीत जे कमी असते ते धान्यात. म्हणून तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ हे प्रमाण उत्तम. आपले वरण-भात, भाकरी-पिठले, खिचडी यांत हीच जोड आहे.

इथवर मुलाची गोष्ट झाली. खरे तर मी इथेच थांबणार होते. पण त्या रविवारी आणखी एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय माझे बोलणे प्रामाणिक होणार नाही.

भाची हे सगळे मुलाला समजावीत होती आणि मी कौतुकाने ऐकत होते. मधेच ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, आणि तू आज काय जेवलीस?"

मी म्हटले, "जेवले की. भात होता, भाकरी होती."

"आणि आमटी?"

आमटी संपली होती. उसळ मुलांना वाढली होती. दूध सासूबाईंना आणि मुलाला. मी भाताच्या तळाशी राहिले होते ते आणि सकाळची एक भाकरी चटणीशी खाल्ली होती. आणि हे काही त्याच दिवशी घडले होते असे नव्हे. लग्न झाल्यापासून तसेच चालले होते. सगळ्यांचे झाले की मग आपले. उरेल ते.

ती काही बोलली नाही. तिने मुलाचे टाकलेले ताट आणि माझे ताट शेजारी शेजारी ठेवले. मुलाच्या ताटात भाकरी नव्हती. माझ्या ताटात भाकरीवाचून काही नव्हते. एकाच घरात, एकाच चुलीवरची दोन ताटे, आणि दोन्ही अर्धी! मी मुलाची काळजी करीत होते, पण मला जिना चढताना धाप लागते, गुडघे दुखतात, दुपारी डोळे मिटतात, हे मी वयावर ढकलत होते. दुसऱ्या दिवशी तिने मला बळेच रक्त तपासायला नेले. हिमोग्लोबिन नऊ निघाले. बाईला निदान बारा हवे. सरकारने २०१९ ते २०२१ मध्ये जी पाहणी केली, तिच्यात आपल्या महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे या सभागृहात आपण शंभरजणी बसलो असू, तर पन्नासजणींना हे माझ्याइतकेच लागू असेल.

स्नायू म्हटले की आपल्याला पैलवानाचे दंड आठवतात. पण पाण्याची कळशी उचलते ती कशाने? पाटा-वरवंटा, कणीक तिंबणे, नातवंड कडेवर घेणे, सासूबाईंना धरून उठवणे, हे सगळे स्नायूंचेच काम आहे. चाळिशीनंतर ते हळूहळू झिजू लागतात. नुसत्या भाताने ते टिकत नाहीत आणि नुसत्या डाळीनेही नाहीत. दोन्ही हवे, आणि थोडे अंग मोडून काम किंवा चालणेही हवे. त्याच पोषण संस्थेने २००० उष्मांकांचे दिवसाचे ताट सांगितले आहे. त्यात धान्य साधारण २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, शिवाय भाज्या, फळे आणि मूठभर दाणे आहेत. धान्यातून एकंदर उष्मांकांच्या शंभरातले पंचेचाळीसच यावेत असे ते म्हणतात. माझ्या ताटात नव्वद येत असतील.

त्या दिवसापासून आमच्या घरी एक बदल केला. आमटी-उसळ वाढायच्या आधी माझी वाटी भरून बाजूला ठेवायची. मला ते फार अवघड गेले. आपल्यासाठी आधी वाढून घेणे म्हणजे काहीतरी चोरी केल्यासारखे वाटे. सासूबाई काय म्हणतील याची धास्ती होती. पण त्या दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "बरे केलेस. मला कुणी सांगितले नाही, मी तशीच राहिले." त्यांची पाठ आज पाहा कशी वाकली आहे. त्या एका वाक्याने माझ्या डोळ्यांत पाणी आले.

आता आम्ही रात्री सगळे एकत्र जेवायला बसतो. भाकऱ्या आधी करून ठेवते. मुलगी वाढते, कधी मुलगा वाढतो. डबा बंद झाला. शिकवणीचे पैसे मी मुलीला भरून दिले, आणि तिची माफीही मागितली. ती म्हणाली, "आई, माफी काय मागतेस, मलाही एक केळे देत जा." तीही पुढच्या वर्षी भरतीला उतरायचे म्हणते आहे. मुलींना ८०० मीटर असते.

मुलगा अजून भरती झालेला नाही. ते मी लपवीत नाही. पण त्याची धावण्याची वेळ पुन्हा कमी होऊ लागली आहे, आणि चार फेऱ्या तो पुऱ्या करतो. माझे हिमोग्लोबिन चार महिन्यांत अकरावर आले. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मी नेमाने घेतल्या, तेव्हा सगळे श्रेय उसळीला देणे बरे नाही. पण जिना आता मी न थांबता चढते.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दर वर्षी वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणि वाट्या लुटतो. माझ्या घरी त्यांचा ढीग झाला आहे. या वर्षी प्रत्येकीला पाव किलो मटकी नाहीतर हरभरे द्यावेत, आणि देताना एवढेच सांगावे की, ही उसळ घरात सर्वांना वाढा, पण पहिली वाटी आपली बाजूला काढून ठेवा. अध्यक्षबाईंनी विचार करावा, ही विनंती.

मुलांच्या ताटातली भाकरी काढू नका आणि आपल्या ताटातली आमटी सोडू नका, एवढेच माझे सांगणे आहे.